जपानी मल्ल फुताबायामा

सन १९३९ च्या जानेवारीची पंधरावी तारीख, रविवारचा दिवस. टोकियो शहराच्या ऱ्योगोकू भागातील कोकुगिकान नावाचे कुस्तीगृह माणसांनी गच्च भरले होते. वर्षातील पहिल्या दंगलीचा तो चौथा दिवस होता. दिवसाची शेवटची कुस्ती आटोपताच प्रेक्षकांनी बसावयाच्या गाद्या, पेले, तंबाखूच्या पेट्या, जे हाती लागेल ते हवेत भिरकावून दिले. तीन वर्षे ज्याची पाठ कोणी मातीला लावली नव्हती तो फुताबायामा पडला होता. इतक्या गदारोळात एक मनुष्य मात्र शांत होता. तो हरलेला मल्ल स्वतः होय. त्याने नित्याप्रमाणे प्रतिस्पर्ध्यास मान लववून वंदन केले व नित्याच्याच पावलांनी तो आखाड्याबाहेर निघून गेला.

वाचकांपैकी पुष्कळांस जपानी सुमो कुस्तीची माहिती नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या आखाड्यातील लाल माती भुसभुशीत असते. सुमोचा आखाडा चिकणमाती ठोकून ठोकून टणक केलेला असतो. त्यावर भाताच्या पेंढ्यांचे वर्तुळ असते व फुताबायामाच्या काळात त्याचा व्यास सुमारे साडेचार मीटर होता. अंगावर फक्त एक जाड कंबरपट्टा. वर्तुळाबाहेर पाऊल पडले, किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग भुईला लागला, की कुस्ती संपली. खडाखडीला वेळ नाही. पुष्कळदा चार-दोन क्षणांतच निकाल लागतो. मल्लांच्या पायऱ्या ठरलेल्या असून त्यांची यादी प्रत्येक दंगलीपूर्वी नव्याने निघते. या यादीच्या शिरोभागी योकोझुना असतो. इतर मल्ल हरले तर एक-दोन पायऱ्या खाली उतरतात. योकोझुनाला खाली उतरणे नाही. ते पद टिकविण्याजोगे बळ उरले नाही तर त्याने कायमचा निरोप घ्यावयाचा, अशी रीत आहे.

फुताबायामाचे खरे नाव आकियोशी सादाजी. क्यूशू बेटावरील ओइता प्रांतात, उसा परगण्यातील एका समुद्रकाठच्या गावी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणीच आई वारली. वडिलांचा जहाजांवरून माल वाहण्याचा धंदा होता. तो बुडाला व घरावर कर्ज झाले. पाच-सहा वर्षांचा असताना खेळता खेळता उजव्या डोळ्याला इजा झाली व त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे वडिलांबरोबर जहाजावर काम करू लागला, तेव्हा नांगर ओढण्याच्या रहाटात सापडून उजव्या हाताची करंगळी अधू झाली. कुस्तीगिराला लागणाऱ्या दोन गोष्टी, नजर आणि पकड, या दोन्हींत त्याला बालपणीच उणेपणा आला होता. डोळ्याची गोष्ट त्याने कुस्ती सोडीपर्यंत लोकांना कळू दिली नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून समोरच्याच्या हालचालीवर न विसंबता त्याचे अंग अंगाला भिडताच बळ ओळखावयाचे, अशी त्याची पद्धत बनली असावी. प्रतिस्पर्धी उठेल त्या क्षणी आपणही उठावयाचे, थांब म्हणावयाचे नाही, हा त्याचा बाणा पुढे फार प्रसिद्ध झाला.

गावाकडील एका पोलीस अधिकाऱ्याच्या शिफारशीने तो टोकियोतील तात्सुनामी नावाच्या तालमीत दाखल झाला व मार्च १९२७ मध्ये प्रथम आखाड्यात उतरला. तेथे त्याला फुताबायामा हे नाव मिळाले. फुताबा म्हणजे कोवळ्या रोपाची पहिली दोन पाने, व यामा म्हणजे डोंगर. चंदनाचे झाड दोन पानांचे असतानाच सुगंधित असते अशा अर्थाची एक म्हण जपानी भाषेत आहे, व तिच्यावरून हे नाव सुचले असे सांगतात. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे म्हणतो, त्यासारखीच ही म्हण. ज्या चंदनाला आपण रोज देवघरात उगाळतो तो इतक्या दूरच्या मल्लाच्या नावामागे उभा आहे, हे वाचून मौज वाटते.

मात्र या रोपाचा सुगंध लोकांना लवकर आला नाही. पहिली काही वर्षे फुताबायामा हा सामान्य मल्लांतलाच एक होता. सन १९३२ च्या जानेवारीत पुष्कळ नामांकित मल्लांनी संघाच्या कारभाराविरुद्ध उठाव करून संघ सोडला. तेव्हा मोकळ्या झालेल्या जागा भरण्यासाठी खालच्या वर्गातून जे वर घेतले त्यांत हा वीस वर्षांचा तरुण होता. वर आल्यावरही तो कडेपर्यंत ढकलला जाई, कसाबसा तग धरी व तेथूनच डाव उलटवी. हळूहळू अंग भरले, आणि जी पाठ कडेवर वाकत होती ती मधोमध ताठ राहू लागली.

त्या वेळचा सर्वश्रेष्ठ मल्ल योकोझुना तामानिशिकी होता. जानेवारी १९३६ च्या दंगलीत सहाव्या दिवशी त्याने फुताबायामाला पाडले. सातव्या दिवसापासून फुताबायामा जिंकू लागला तो जिंकतच राहिला. त्या दंगलीतील उरलेल्या पाच कुस्त्या, मे १९३६ च्या अकरा, जानेवारी १९३७ च्या अकरा. मग दंगल तेरा दिवसांची झाली, तेव्हा मे १९३७, जानेवारी १९३८ व मे १९३८ या तिन्हींच्या तेरा तेरा. तामानिशिकीलाही त्याने मे १९३६ मध्ये प्रथमच हरविले. मे १९३७ नंतर त्याला पस्तिसावा योकोझुना करण्यात आले. अठराव्या शतकात तानिकाझे नावाच्या महामल्लाने सलग ६३ कुस्त्या जिंकल्या होत्या. दीडशे वर्षांचा तो विक्रमही मे १९३८ मध्ये मागे पडला. त्याच काळात जपानचे सैन्य चीनमध्ये लढत होते, आणि या मल्लाच्या विजयांची सांगड लोक सैन्याच्या विजयांशी घालू लागले. एका माणसाच्या दोन खांद्यांवर हे ओझे भलतेच होते. आणि ते त्याने मागून घेतलेले नव्हते.

सन १९३८ च्या उन्हाळ्यात मल्लांचा मेळा मांचुरिया व चीनकडे दौऱ्यावर गेला. तेथे फुताबायामाला आमांशाचा विकार जडला व त्याचे वजन पुष्कळ घटले. जानेवारीच्या दंगलीत उतरू नये असे त्याच्याही मनात होते. पण डिसेंबरात तामानिशिकी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने अकस्मात वारला. एक योकोझुना स्वर्गवासी झाला असता दुसऱ्याने घरी बसणे त्याला प्रशस्त वाटले नाही. तो उतरला, व पहिले तीन दिवस जिंकलाही. एकूण ६९ झाल्या.

इकडे देवानोउमी या प्रतिस्पर्धी तालमीतील मल्ल कित्येक दिवस एकच विचार करीत होते. त्यांच्यात वासेदा विद्यापीठात शिकलेला कासागियामा हा मल्ल होता. आपल्यातील कोणीतरी या मनुष्याला पाडलेच पाहिजे, मग तो कोणी का असेना, अशा जिद्दीने ते त्याच्या कुस्त्यांचा अभ्यास करीत, व त्याचा उजवा पाय हे मर्मस्थान होय असे त्यांनी ठरविले होते. चौथ्या दिवशी ज्या तरुणाशी जोड लागली तो आकिनोउमी याच तालमीचा. फुताबायामाशी त्याची ही पहिलीच गाठ. तो छातीला डोके लावून भिडला. फुताबायामाने उजव्या हाताने त्याला उचलून फेकण्याचा डाव टाकला. त्याच क्षणी आकिनोउमीने डाव्या पायाने त्याच्या उजव्या पायाला बाहेरली टांग घातली. फुताबायामाने पुन्हा तोच डाव नेटाने केला, आणि तोल जाऊन तो कोसळला.

विजयी तरुण डोळ्यांत पाणी घेऊन आपल्या गुरूकडे गेला. जिंकल्यावर ज्याच्या नावाचा गलबला होतो त्यापेक्षा हरल्यावर ज्याचा गलबला होतो असा मल्ल तू हो, अशा आशयाचा उपदेश गुरूने त्याला केला म्हणतात. शाबासकीच्या रात्री असा उपदेश ऐकणे कठीणच.

पराभवानंतर फुताबायामाने एका स्नेह्यास तार केली, तिचा आशय एवढाच होता की आपण अद्याप लाकडी कोंबडा झालो नाही. याचा अर्थ कळण्यास प्राचीन चिनी तत्त्ववेत्ता च्वांग त्झू याच्या ग्रंथातील कथा ठाऊक पाहिजे. एका राजासाठी एक मनुष्य झुंजीचा कोंबडा तयार करीत होता. दहा दिवसांनी राजाने विचारले, तेव्हा कोंबड्याला अजून आपल्या बळाचा गर्व आहे असे उत्तर मिळाले. आणखी दहा दिवसांनी, दुसऱ्या कोंबड्याची चाहूल लागताच तो उसळतो असे. आणखी दहा दिवसांनी, त्याची नजर अजून रागीट आहे असे. चाळीस दिवस झाले तेव्हा कोणी कितीही आरवले तरी तो हलेना. जणू लाकडाचा कोरलेला. त्याला पाहताच इतर कोंबडे पळून जाऊ लागले. ही कथा फुताबायामाने एका विद्वान स्नेह्याकडून ऐकली होती व ती मनाशी धरली होती.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. पाचव्या दिवशी ऱ्योगोकू नावाच्या मल्लाने (गावाचे व मल्लाचे नाव एकच हा योगायोग) त्याला पाडले. सहाव्या दिवशी काशिमानादाने पाडले. ज्याला तीन वर्षे पराभव ठाऊक नव्हता त्याला लागोपाठ तीन दिवस तो चाखावा लागला. तीन जिंकल्या, तीन हरल्या, आणि दंगलीचे सात दिवस अजून शिल्लक. आजारपणाचे कारण खरेच होते. ते सांगून तो माघारी गेला असता तर कोणी नाव ठेवले नसते. उरलेल्या दिवसांत विजेतेपद मिळण्याचा संभव नव्हता. उलट प्रत्येक दिवशी आणखी अपकीर्ती होण्याचा संभव होता. प्रेक्षक आता त्याचे पडणे पाहावयास येत होते.

सातव्या दिवशी तो नित्याच्या वेळी आखाड्यात आला. मीठ उधळले, पाय उचलून भुईवर आपटले, बसला, आणि समोरचा उठताच उठला. जिंकला. आठव्या दिवशी जिंकला. नवव्या दिवशी तामानोउमीने त्याला पुन्हा हरविले. चार पराभव झाले. दहाव्या दिवशी तो पुन्हा आला. दहावी, अकरावी, बारावी अशा कुस्त्या त्याने जिंकल्या व तेराव्या दिवशी, ज्या शेवटच्या दिवसाला जपानी भाषेत सहस्र शरदांचा आनंद अशा अर्थाचे नाव आहे, त्या दिवशीही जिंकला. नऊ विजय, चार पराभव. त्या दंगलीचे विजेतेपद देवामिनातो या मल्लाला मिळाले. यादीत तो सतराव्या श्रेणीचा माएगाशिरा, म्हणजे वरच्या वर्गाच्या अगदी तळाशी होता, व त्याने तेराही कुस्त्या जिंकल्या. जोड्या पायरी पाहून लावीत असल्यामुळे त्याची व फुताबायामाची गाठ पडलीच नाही. ६९ विजयांची हकीगत सगळे सांगतात. मला स्वतःला या शेवटच्या सात दिवसांची हकीगत अधिक मोलाची वाटते, जरी तिच्यात विक्रम एकही नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात दंगल पंधरा दिवसांची करण्यात आली. लोकांच्या गर्दीला तेरा दिवस पुरेनासे झाले होते, व त्या गर्दीचे कारण मुख्यतः फुताबायामाच होता. त्या पंधराही कुस्त्या त्याने जिंकल्या. मे १९४० मध्ये मात्र पुन्हा लागोपाठ हार झाली व त्याने मध्येच माघार घेऊन धबधब्याखाली उभे राहून साधना केली. तेथून परतल्यावर पुढे सलग ३६ कुस्त्या जिंकल्या. एकंदर बारा वेळा त्याला विजेतेपद मिळाले. त्यांपैकी आठ वेळा तो संबंध दंगलीत अजिंक्य राहिला.

महायुद्धाने कुस्तीगृहाचीही दशा केली. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात कोकुगिकान जळाले. जूनमध्ये त्याच भग्न वास्तूत सामान्य प्रेक्षकांवाचून दंगल झाली. फुताबायामाने पहिली कुस्ती जिंकून माघार घेतली, व नोव्हेंबरात कुस्तीचा कायमचा निरोप घेतला. त्यानंतर पराभूत देशातील अनेकांप्रमाणे त्याचेही मन सैरभैर झाले असावे. एका नव्या पंथाच्या नादी लागून तो कानाझावा शहरी जाऊन राहिला, व जानेवारी १९४७ मध्ये पोलीस तेथे आले असता त्यांच्याशी झुंजला आणि पकडला गेला. चरित्रातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. लाकडी कोंबड्याची कथा हृदयाशी धरणाराही एखाद्या दिवशी उसळतो.

तेथून तो पुन्हा कुस्तीकडे वळला. तोकित्सुकाझे या नावाने त्याने तालीम चालविली, व १९५७ पासून तो जपानी सुमो संघाचा अध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत वर्षाच्या सहा दंगली झाल्या, वृद्ध गुरूंसाठी निवृत्तीचे वय ६५ ठरले, आणि १९६५ पासून भिन्न तालमींतील सर्व मल्लांनी परस्परांशी लढावे असा नियम झाला. १६ डिसेंबर १९६८ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, अध्यक्षपदी असतानाच यकृताच्या विकाराने त्याचे निधन झाले.

ज्या आकिनोउमीने त्याला पाडले तो पुढे स्वतः सदतिसावा योकोझुना झाला. गुरूने सांगितलेली योग्यता त्याने मिळविली खरी. पण फुताबायामाशी तो नंतर जितक्या वेळा भिडला तितक्या वेळा हरला. सन २०१० मध्ये हाकुहो नावाच्या योकोझुनाने ६३ विजयांपर्यंत मजल मारली, तेव्हा सगळ्या जपानचे डोळे पुन्हा त्या जुन्या आकड्याकडे लागले होते. चौसष्टाव्या कुस्तीत किसेनोसातोने त्याला वर्तुळाबाहेर काढले.