ट्रिनिटी चर्चच्या बाकावरून : संत एलिझाबेथ अ‍ॅन सीटन

दरवर्षी ४ जानेवारी रोजी संत एलिझाबेथ अ‍ॅन सीटन ह्यांचे स्मरण केले जाते. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीत जन्मलेल्यांपैकी संतपद लाभलेली ही पहिली व्यक्ती. धर्मभगिनींच्या संस्थेच्या संस्थापिका म्हणून त्यांची ओळख आहे. परंतु ४६ वर्षांच्या त्यांच्या आयुष्यातील पहिली ३० वर्षे त्या कॅथोलिक नव्हत्या. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी ह्या एपिस्कोपल धर्मग्रामाच्या त्या निष्ठावंत सभासद होत्या. ह्या ३० वर्षांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. आम्ही मात्र तेथेच थोडे अधिक थांबणार आहोत.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील अँग्लिकन भाविकांनी १७८९ साली आपली स्वतंत्र व्यवस्था उभी केली, तेच एपिस्कोपल चर्च. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या उपासनापरंपरेची थोडी कल्पना येईल. ट्रिनिटी धर्मग्रामाची स्थापना १६९७ सालची. १७७६ च्या भीषण आगीत त्याचे मुख्य मंदिर भस्मसात झाले, तेव्हा एलिझाबेथ दोन वर्षांच्या होत्या. दुसरी वास्तू १७९० साली तयार झाली. मधल्या काळात १७६६ साली उभारलेले सेंट पॉल्स चॅपेल उपासनेसाठी उपयोगी पडले. १७८९ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन प्रार्थनेसाठी गेले ते ह्याच चॅपेलमध्ये.

ट्रिनिटीमध्ये शहरातील व्यापारी, वकील, डॉक्टर अशी प्रतिष्ठित मंडळी येत. बाके भाड्याने घेतलेली असत आणि प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली असे. रविवारची उपासना म्हणजे प्रार्थनापुस्तकातील सकाळची प्रार्थना, स्तोत्रे, बायबलवाचन आणि दीर्घ प्रवचन. प्रभुभोजनाचा विधी मात्र वर्षातून मोजक्याच रविवारी होत असे.

एलिझाबेथचे वडील डॉ. रिचर्ड बेली हे नामांकित वैद्य. आईचे वडील एपिस्कोपल परंपरेतील धर्मगुरू होते. तीन वर्षांच्या होण्याआधीच एलिझाबेथ आईला मुकल्या. २५ जानेवारी १७९४ रोजी विल्यम मॅगी सीटन ह्या तरुण व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला, तो लावला न्यूयॉर्कचे पहिले एपिस्कोपल बिशप सॅम्युएल प्रोव्हूस्ट ह्यांनी. त्यांना पाच अपत्ये झाली. गरीब विधवा व त्यांच्या मुलांच्या साहाय्यासाठी १७९७ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या त्या खजिनदार होत्या. काही वर्षांतच त्यांच्यावरही वैधव्य व दारिद्र्य येणार होते.

१८०० साली जॉन हेन्री होबार्ट हे तरुण धर्मगुरू ट्रिनिटीत आले. त्यांच्या प्रवचनांनी एलिझाबेथच्या अंतःकरणात खोल भक्ती जागवली. नणंद रिबेका हिच्यासह त्या प्रभुभोजनाच्या रविवारची आतुरतेने वाट पाहत. आमच्या मते ही ओढ हीच त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली होय. कॅथोलिक श्रद्धेचा गंधही नसताना ख्रिस्तप्रसादाची भूक त्यांना लागली होती, आणि ती लावली एका एपिस्कोपल धर्मग्रामाने.

पुढे सीटन कुटुंबाचा व्यापार बुडाला. विल्यम ह्यांना क्षयाने ग्रासले. हवापालटासाठी पतिपत्नी थोरल्या मुलीला घेऊन ऑक्टोबर १८०३ मध्ये इटलीस निघाली. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याने लिव्होर्नो बंदरात त्यांना थंड, दमट विलगीकरणगृहात सुमारे महिनाभर कोंडून ठेवण्यात आले. सुटकेनंतर अवघ्या आठ दिवसांत, २७ डिसेंबर रोजी पिसा येथे विल्यम ह्यांनी देह ठेवला.

परक्या देशातील ह्या विधवेला फिलिक्की ह्या व्यापारी कुटुंबाने आधार दिला. त्या घरी एलिझाबेथनी प्रथमच कॅथोलिक जीवन जवळून पाहिले. वर्षातील मोजक्या रविवारांची वाट पाहणाऱ्या ह्या स्त्रीला तेथे रोजचा मिस्सा दिसला. ख्रिस्त साक्रामेंतात खरोखर उपस्थित असतो, ही त्या घरची साधी, निःशंक श्रद्धा त्यांच्या मनात घर करून बसली.

जून १८०४ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या. पुढच्याच महिन्यात रिबेकाचे निधन झाले. कॅथोलिक होण्याचा विचार कानी येताच होबार्ट ह्यांनी त्यांना परावृत्त करण्याचा कसून प्रयत्न केला. अनेक चरित्रांत होबार्ट ह्यांना खलनायक ठरवले जाते, ते आम्हाला मान्य नाही. आपल्या कळपातील मेंढरू हरवू नये म्हणून धडपडणारा तो मेंढपाळ होता. त्यांच्या युक्तिवादांनी एलिझाबेथ खरोखरच डळमळल्या. कित्येक महिने त्यांना धड इकडे ना धड तिकडे असे जगावे लागले.

त्या काळातील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. सेंट पॉल्स चॅपेलमध्ये त्या बाजूच्या एका बाकावर बसल्या. त्या बाकाचे तोंड शेजारच्या बार्कले रस्त्यावरील सेंट पीटर्स ह्या कॅथोलिक चर्चच्या दिशेला होते. समोरच्या रिकाम्या वेदीकडे पाहण्याऐवजी आपण तेथल्या पवित्र साक्रामेंताशीच बोलत आहोत, हे त्यांच्या पुन्हा पुन्हा ध्यानी आले. दोन चर्चमधले अंतर अगदीच थोडे, पण ते ओलांडण्याची किंमत मोठी होती. सेंट पीटर्समध्ये मुख्यतः गरीब स्थलांतरित, विशेषतः आयरिश लोक येत, आणि शहरातील सुखवस्तू मंडळी त्यांना तुच्छ लेखीत. पाच मुलांच्या त्या निर्धन आईचा सारा आधार एपिस्कोपल नातलग व स्नेही हाच होता.

१४ मार्च १८०५ रोजी त्या सेंट पीटर्समध्ये गेल्या आणि फादर मॅथ्यू ओब्रायन ह्यांच्यासमोर त्यांनी कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला. २५ मार्च रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, त्यांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण केला. १८०६ साली बिशप जॉन कॅरल ह्यांनी त्यांना दृढीकरण संस्कार दिला. त्याच वर्षी धाकटी नणंद सिसिलिया कॅथोलिक झाली, तेव्हा सासरच्या मंडळींचा रोष अनावर झाला. उपजीविकेसाठी न्यूयॉर्कमध्ये केलेले प्रयत्नही टिकले नाहीत.

१८०८ साली त्या बाल्टिमोरला गेल्या व तेथे मुलींची शाळा चालवली. १८०९ साली मेरिलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी धर्मभगिनींची संस्था स्थापन केली. दोन मुली त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तल्या. ४ जानेवारी १८२१ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. पोप जॉन तेविसावे ह्यांनी १९६३ साली त्यांना धन्य घोषित केले, तर पोप पॉल सहावे ह्यांनी १४ सप्टेंबर १९७५ रोजी संतपद बहाल केले.

एलिझाबेथ ज्या ट्रिनिटी चर्चमध्ये जात, ती वास्तू आज नाही. तेथे १८४६ साली पूर्ण झालेले तिसरे मंदिर उभे आहे. सेंट पॉल्स चॅपेल मात्र तेच आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी समोरचे जुळे मनोरे कोसळले, तरी ते बचावले. एपिस्कोपल चर्चने आपल्या स्मरणदिनांच्या यादीत ४ जानेवारी ह्या तिथीला एलिझाबेथ सीटन ह्यांचे नाव घातले आहे.