अनामिक कारागिरांचा पाठीराखा

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे तापीकाठचे गाव भाविकांना दक्षिण काशी म्हणून परिचित आहे. अभ्यासकांच्या लेखी त्याचे महत्त्व वेगळे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील वस्तीचे थर उजेडात आले. रंगीत नक्षीची मातीची भांडी आणि तांब्याच्या वस्तू त्यात होत्या. त्या घडविणाऱ्या हातांची नावे मात्र कोणालाच सांगता येणार नाहीत.

ही अनामिकता आपल्याकडे विसाव्या शतकातही टिकून राहिली. इटलीतील पाडुआच्या पावलो दे पोली (१९०५-१९९६) या कलावंताने तांब्याच्या फुलदाण्यांवर रंगीत मिनाकारी केली आणि त्या त्याच्या नावाने ओळखल्या गेल्या. त्याच काळात पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यावर ठोका देत घंगाळी आणि कळशा मठारल्या जात होत्या. भांड्यावर नाव कोरले जाई, पण ते भांडे घेणाऱ्याचे, घडविणाऱ्याचे नव्हे.

या नाव नसलेल्या कलेला हक्काचे घर मिळवून दिले ते दिनकर गंगाधर केळकर यांनी. १० जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले काकासाहेब 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहीत. १९२४ मध्ये त्यांचा 'अज्ञातनाद' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. चरितार्थासाठी पुण्यात चष्म्यांचे दुकान होते. परंतु त्यांची स्वतःची नजर गुंतली ती जुन्या वस्तूंत. १९२०च्या सुमारास जडलेला हा छंद पुढे आयुष्याचे कार्य बनला.

राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि अलंकार जपणारे अनेक होते. काकासाहेबांनी सामान्यांच्या स्वयंपाकघरात, देवघरात आणि माजघरात लक्ष घातले. दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासण्याच्या वज्री, तांब्या-पितळेची भांडी यांच्या शोधात ते गावोगाव हिंडले. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील घराघरांत शिरत होते. कल्हईचा खर्च आणि घासण्याचे कष्ट नकोसे झालेली जुनी भांडी वजनावर मोडीत निघत होती. मोड घेणाऱ्याला त्यात केवळ धातू दिसे. काकासाहेबांना त्यात घाट, नक्षी आणि कारागिराची सौंदर्यदृष्टी दिसे. भट्टीत गेलेले भांडे पुन्हा मिळणार नाही, या जाणिवेने त्यांनी पदरमोड करून वस्तू मिळविल्या. पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना मोलाची साथ लाभली.

या दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच गेला. त्या दुःखाचे मोल कशानेही होण्यासारखे नव्हते. काकासाहेबांनी आयुष्यभराच्या संग्रहाला त्याचेच नाव दिले. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे अशा रीतीने एका मुलाचे स्मारकही आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा संपूर्ण ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. खासगी संग्रह वारसांत वाटले जातात किंवा बाजारात विकले जातात, हे आपल्याकडे वारंवार घडते. काकासाहेबांनी ती वेळ येऊ दिली नाही. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात आहे. जागेअभावी त्यांतील थोड्याच पाहावयास मिळतात. तरीही दालनांतून फिरताना एक गोष्ट मनावर ठसते. रोज हाताळावयाची वस्तूही देखणी असावी, हा आग्रह धरणारे कारागीर या भूमीत पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. त्यांची नावे काकासाहेबांनाही शोधता आली नसती. त्यांचे काम मात्र त्यांनी नष्ट होऊ दिले नाही. माळ्यावरचे आजीचे घंगाळे मोडीत देण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी त्यापूर्वी एकदा या संग्रहालयात अवश्य जाऊन यावे.