ज्याँ बुगाटी

विख्यात मोटार-कारखानदार एत्तोरे बुगाटी यांचा हा थोरला मुलगा १९०९ साली कोलोनला जन्मला. फ्रान्समधील मोलशाइमच्या कारखान्यात वाढलेला ज्याँ विशीतच गाड्यांचे आराखडे करू लागला.

‘अटलांटिक’ ही त्याची अपूर्व निर्मिती. मूळ नमुन्याचा मॅग्नेशियमचा पत्रा वेल्डिंगला दाद देईना, म्हणून पाठीवरून रिव्हेटांची शिवण घातली; पुढे ॲल्युमिनियम आले, तरी शिवण शोभेसाठी राहिली. १९३६ ते १९३८ मध्ये अशा अवघ्या चार गाड्या झाल्या. पहिली इंग्लंडच्या व्हिक्टर रॉथशील्डने घेतली, आणखी दोन गिऱ्हाइकांकडे गेल्या. काळी गाडी ज्याँ स्वतः चालवी.

११ ऑगस्ट १९३९ रोजी शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना आडव्या आलेल्या सायकलस्वाराला चुकवताना ती झाडावर आदळली आणि तिशीतच ज्याँ गेला. महायुद्धाच्या धामधुमीत काळी गाडीही नाहीशी झाली. धनिकांच्या तिन्ही गाड्या हस्ते-परहस्ते टिकल्या; निर्मात्याची तेवढी हरवली.