डॉ. कोटणीस व सेवकाची सुरक्षितता

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच हिंदी डॉक्टरांचे पथक चीनकडे निघाले. जनरल चू तेह यांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी ही कल्पना उचलून धरली होती आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू यांच्या आवाहनावरून निधी जमला होता. पथकाचे प्रमुख डॉ. अटल स्पेनमधील यादवीचा अनुभव घेऊन आलेले, डॉ. चोळकर तर नागपूरचे, म्हणजे वऱ्हाडच्या शेजारचेच. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना अद्याप अठ्ठाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

पथक पोहोचले न पोहोचले तोच जपानी सैन्याने ऑक्टोबरमध्ये वुहान घेतले व डॉक्टरांना मागे सरकत चुंगकिंग गाठावे लागले. पुढे येनान आणि तेथून शत्रूच्या पिछाडीचा डोंगराळ मुलूख. युद्धात शुश्रूषा करणाऱ्यास अभय असावे, हा दंडक १८६४ च्या जिनिव्हा करारापासून मान्य झाला आहे. परंतु विमानातून पडणाऱ्या बॉम्बला तो वाचता येत नाही. तेथे खरे संरक्षण दिले ते खेडुतांनी. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हेच. जखमी माणसे गावोगावच्या घरांत विखुरलेली आणि हल्ल्याची चाहूल लागताच सारा संसार पाठीवर घेऊन निघायचे. जनतेचा विश्वास हीच ढाल, हे तत्त्व मदतसंस्था आज मोठ्या अभ्यासाने मांडतात. बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर १९ ऑगस्ट २००३ रोजी झालेल्या स्फोटात २२ माणसे बळी पडली, तेव्हापासून या विषयाला विशेष गती आली.

मात्र एक गोष्ट कोटणीसांच्या गौरवात हटकून झाकली जाते. ज्या बेथ्यून रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले, त्याला ज्यांचे नाव होते ते कॅनडाचे डॉ. बेथ्यून १९३९ मध्ये गेले ते गोळीने नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने. कोटणीसही रणांगणावर पडले नाहीत. १९४० च्या मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते व आपण टाळ्या वाजवितो; वस्तुतः ज्या दलापाशी दुसरा शल्यविशारद पाठवायला नाही, त्याची ती लाचारी होय. मनुष्यबळाची अशी उधळपट्टी जमाखर्चात कधीच दिसत नाही. सहकारी एकेक करून परतत होते. पथक निघाले ते अल्पकाळासाठी. कोटणीसांची जागा घेणारा मात्र कोणी आला नाही. वडिलांच्या निधनाची वार्ताही त्यांना चीनमध्येच कळली.

पुढे अपस्माराचे झटके येऊ लागले. तरीही रुग्ण तपासणे, विद्यार्थ्यांना शिकविणे आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहिणे चालूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुस्तक अपुरे होते. पत्नी क्वो चिंगलान यांच्या मांडीवरचा मुलगा यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. त्याच्या नावात हिंदुस्थान व चीन हे दोन्ही देश होते.