पत्रकार बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेब बॅरिस्टर, कायदेमंत्री, घटनाकार होते हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. ते वर्तमानपत्रवाले होते, हे मात्र सांगावे लागते.

1920 साली पत्रे पुष्कळ होती, पण आत बसून लिहिणारे बहुतेक वरच्या जातीचे. अस्पृश्याला तिथे नोकरी तर सोडाच, ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि 31 जानेवारीला पहिला अंक निघाला. साहेब सरकारी कॉलेजात प्रोफेसर, म्हणून संपादक पांडुरंग नंदराम भटकर, लेखणी साहेबांची. साहेब लंडनला गेले आणि पुढे 1923 मध्ये पत्र बंद पडले. पत्र चालवायची सवय आपल्या माणसांना लागणार तरी कोणाच्या कचेरीत?

आम्हा गिरणीवाल्यांना हे लवकर कळते. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली विणकाम खात्यात आपल्याला घेत नसत, आणि पगार जास्त तिथेच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न धरला.

1929 मध्ये धुळ्याहून येताना साहेब आपल्या चाळीसगावला उतरले. टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला बसला आपल्याच वस्तीतला माणूस, ज्याने कधी टांगा हाकलाच नव्हता. पुलावर अपघात झाला, साहेबांचा पाय मोडला. टांग्याचे तेच पत्राचे. हाकू देत नाहीत म्हणून येत नाही, आणि येत नाही म्हणून घेत नाहीत.

‘बहिष्कृत भारत’चे (1927) रकानेच्या रकाने साहेब एकटे लिहीत. 1930 ला ‘जनता’ निघाले. त्याच्या संपादकाच्या खुर्चीवर पुढे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे बसले, जन्माने ब्राह्मण. महाडला मनुस्मृती जाळायचा ठराव त्यांनीच मांडला होता. साहेबांनी आपल्या कचेरीत माणसाचे काम पाहिले, जात नाही. बाहेर काय होते? बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेसमध्ये सगळे मद्रासी ब्राह्मण, मग आपली हकीकत परदेशी पोचणार कशी, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

फेब्रुवारी 1956 मध्ये ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच डिसेंबरात साहेब गेले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1996 मध्ये, एका परदेशी बातमीदाराला दिल्लीत दलित पत्रकाराशी बोलायचे होते. बी. एन. उनियाल यांनी सरकारमान्य पत्रकारांची यादी घेऊन शोध केला. त्यांना एकही सापडला नाही.