लाल मानेच्या भुंगेऱ्याचे उपकार

खरूज ज्या सूक्ष्म किडीमुळे होते, तिचे शास्त्रीय नाव सार्कोप्टिस. गोचिडांच्या एका मोठ्या प्रजातीचे नाव इक्सोडिस. पिसवांचा अख्खा गण सायफोनॅप्टेरा. घराच्या वाशाला गोल भोक पाडून आत बिऱ्हाड करणारा काळा भुंगा, तो झायलोकोपा. ही चारही नावे एकाच माणसाने दिली. पिएर आंद्रे लात्रेय हे त्यांचे नाव. त्वचारोगतज्ज्ञ, पशुवैद्य आणि कीटकशास्त्रज्ञ ही नावे आजही रोज वापरतात. गंमत अशी, की हजारो जिवांच्या बारशाला बसलेल्या या माणसाच्या स्वतःच्या आडनावाला सरकारी मान्यता मिळाली ती वयाच्या पन्नाशीत, 1813 मध्ये.

त्याला कारण होते. लात्रेय यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1762 रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील ब्रीव या गावी झाला. वडील सरदार घराण्यातले, सैन्यात जनरल. त्यांनी मुलाला कधीच आपले म्हटले नाही. आईने जन्मतःच सोडून दिले. गावातला एक वैद्य, मग एक व्यापारी, अशा परक्यांच्या आधाराने पोर वाढले. 1778 मध्ये ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तिथे खनिजशास्त्रज्ञ आयुई यांच्याकडे धडे मिळाले, लामार्क यांची ओळख झाली आणि राजाच्या बागेत व शहराबाहेरच्या रानात किडे पकडण्याचा नाद लागला. पोटापाण्याची आणि प्रतिष्ठेची वाट मात्र धर्मपीठाकडे जाणारी होती. लिमोज येथील धर्मशाळेत सहा वर्षे शिकून 1786 मध्ये ते दीक्षा घेऊन बाहेर पडले. धर्मोपदेशकाचे काम त्यांनी प्रत्यक्षात केले नाही. मन किड्यांत होते. 1792 मध्ये त्यांचा फ्रान्समधील म्युटिला गांधीलमाश्यांवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. या माश्यांच्या माद्यांना पंख नसतात, त्यामुळे त्या केसाळ मुंग्यांसारख्या दिसतात आणि पाहणारा हमखास फसतो.

तोवर फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती. 1790 च्या कायद्याने प्रत्येक धर्मगुरूने राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. लात्रेय यांनी ती घेतली नाही. दीक्षेचा कागद नावावर होता, एवढे पुरेसे ठरले. नोव्हेंबर 1793 मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे इतर धर्मगुरूंबरोबर बोर्दोच्या तुरुंगात नेण्यात आले. तो काळ असा, की तुरुंगातून माणूस बाहेर आलाच तर बहुधा मरणाकडेच जात असे.

एके दिवशी तुरुंगाचा डॉक्टर कैद्यांची तपासणी करायला आला. एक कैदी त्याच्याकडे लक्ष न देता जमिनीवरच्या एका बारीक भुंगेऱ्याकडे टक लावून पाहत होता. लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. पाठ निळी, धातूसारखी चमकणारी. मान आणि खांदे तांबडे. हा किडा दुर्मीळ आहे, असे कैद्याने सांगितले. डॉक्टरला नवल वाटले. त्याने तो किडा मागून घेतला आणि शहरातल्या एका निसर्गवेड्या मुलाकडे पाठवला. हा मुलगा, बोरी द सँ-व्हँसाँ, तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. लात्रेय यांचे लेखन त्याच्या वाचनात आले होते. किडा ज्याने ओळखला तो माणूस कोण, हे कळताच त्याने ओळखीपाळखीच्या लोकांकडे धावाधाव केली. दार्जेला नावाच्या बोर्दोच्या निसर्ग-अभ्यासकाचीही मदत झाली. लात्रेय आणि त्यांचा एक सोबती सुटले. मागे राहिलेले कैदी महिनाभरही जगले नाहीत.

ही गोष्ट सांगताना अनेकदा थोडे मीठमसाला लावला जातो: कैद्याने तुरुंगात नवी जात शोधून काढली आणि शोधाचे बक्षीस म्हणून त्याला जीवदान मिळाले. तसे नव्हते. त्या भुंगेऱ्याचे वर्णन 1775 मध्येच फाब्रिसियस यांनी करून ठेवले होते. आज त्याचे नाव नेक्रोबिया रुफिकोलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ मेलेल्यावर जगणारा, दुसऱ्याचा लाल मानेचा. सुकलेले मांस, हाडे, कातडी हे त्याचे खाद्य. त्यावर वाढणाऱ्या इतर अळ्याही तो खातो. अशा किड्याला बोर्दोच्या कोठडीत उपासमार झाली नसेल. याचाच लाल पायांचा चुलतभाऊ आपल्याकडे सुक्या खोबऱ्यात आणि सुक्या मासळीत सापडतो.

म्हणजे लात्रेय वाचले ते नव्या शोधामुळे नव्हे, तर ओळखीमुळे. आणि ओळख पटवणे हेच कीटकशास्त्राचे पहिले अवघड काम आहे. हाती आलेला किडा नवा आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्या जवळच्या सर्व ज्ञात किड्यांशी तो ताडून पाहावा लागतो. मिशांचे पेर किती, पायाच्या टोकाला सांधे किती, जबडा चावणारा की सोंड शोषणारी, पंखांवर शिरा कशा, हे भिंगाखाली पाहून लिहावे लागते. मग दोन शब्दांचे नाव, नेमके वर्णन आणि टाचणीला लावून जपलेला नमुना. यातले एक जरी ढिले राहिले तर एकाच किड्याला पाच गावांत पाच नावे मिळतात, किंवा एका नावाखाली पाच किडे दडतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नेमका असा गोंधळ वाढत होता. जगभरातून पेट्या भरभरून किडे युरोपात येत होते. एकट्या फाब्रिसियस यांनी जवळपास 10 हजार कीटकांची नावे लिहिली. पण ठेवायचे कोणत्या खणात? लिनियस यांनी पंखांवरून गण पाडले होते. ते सोपे होते, पण बिनपंखी प्राण्यांच्या एकाच पोतडीत पिसू, ऊ, वाळवी, कोळी, विंचू, गोम आणि चक्क खेकडाही जाऊन बसला. त्यांचेच शिष्य असलेल्या फाब्रिसियस यांनी पंख सोडून तोंडाच्या अवयवांवर सगळा भर दिला. दोन्ही पद्धतींत एकच अवयव राजा होता.

लात्रेय यांनी हे बदलले. सुटकेनंतर शिकवणी करून पोट भरत असताना, फाब्रिसियस यांच्या प्रोत्साहनाने, त्यांनी 1796 मध्ये ब्रीवला स्वखर्चाने एक पुस्तक छापले. त्यात पंख, तोंड, मिशा, पाय, रूपांतर असे सगळे एकत्र पाहून जवळच्या प्रजातींचे गट बांधले होते. हीच कीटकांची कुले. जातीच्या वर प्रजाती आणि त्याहून वर गण होता. मधली पायरी कीटकशास्त्रात त्यांनी घातली. या पहिल्या पुस्तकात कुलांना नुसते क्रमांक होते, नावे 1802 पासून दिली. मधमाश्यांचे कुल, पाकोळी फुलपाखरांचे, घरमाशीचे, ढेकणाचे, वाळवीचे: या सगळ्यांच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्यांचे नाव आणि साल लागते.

दैव मात्र पाठ सोडत नव्हते. 1797 मध्ये पुन्हा नजरकैद झाली, पुस्तके जप्त झाली. या वेळी क्युव्हिए, लासेपेद आणि लामार्क मदतीला धावले आणि 1798 मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांना कीटकसंग्रहाची मांडणी करण्याचे काम मिळाले. मग जी लेखणी चालली ती थांबली नाही. मुंग्यांवरचा ग्रंथ 1802 मध्ये आला. कवचधारी प्राणी आणि कीटकांचा 14 खंडांचा इतिहास 1802 ते 1805 या काळात. घरात साखरेभोवती वेडीवाकडी धावणाऱ्या, लांब मिशांच्या बारीक काळ्या मुंगीचे वर्णन 1802 चे, त्यांचेच. तिच्या शास्त्रीय नावामागे लात्रेय हे नाव कंसात लिहितात. वर्णन त्यांचे, पण जात पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली, एवढे त्या कंसावरून कळते.

1810 चे काम दिसायला क्षुल्लक होते, पण त्याची खरी किंमत शतकभराने कळली. एका प्रजातीत पन्नास जाती जमल्या आणि पुढे तिचे दोन तुकडे करावे लागले, तर जुने नाव कोणत्या तुकड्याकडे राहणार? लात्रेय यांनी एक यादीच दिली: प्रत्येक प्रजातीसमोर तिची नमुना म्हणून धरायची एक जात. ती जात जिकडे, नाव तिकडे. वाटणीची भांडणे मिटवणारा हा साधा उपाय होता. पुढे प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ही यादी ग्राह्य धरली.

मान मिळत गेले. 1814 मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. क्युव्हिए यांच्या 1817 च्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथातला कीटकांचा भाग त्यांनीच लिहिला. पण स्वतःची प्राध्यापकी नव्हती. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांची व्याख्याने लात्रेय देत. लामार्क 1829 मध्ये वारले, त्यांच्या जागेची विभागणी झाली आणि 1830 मध्ये कीटकांचे अध्यासन लात्रेय यांना मिळाले. वय 67. त्याच वर्षी दीर्घ आजारानंतर पत्नी गेली. 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, हजारो माणसे दगावली. लात्रेय यांनी पद सोडले आणि ते खेड्यात जाऊन राहिले. साथीतून ते वाचले. पण नोव्हेंबरमध्ये परतले ते आजारी होऊनच, आणि 6 फेब्रुवारी 1833 रोजी मूत्राशयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. दत्तक घेतलेली एक भाची मागे राहिली.

निधनाच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या फ्रान्सच्या कीटकशास्त्र संस्थेचे ते मानद अध्यक्ष होते. संस्थेने वर्गणी काढून पेर लाशेझ दफनभूमीत त्यांच्यावर नऊ फुटी स्तंभ उभारला. त्यावरच्या एका लॅटिन ओळीत नेक्रोबिया रुफिकोलिसचे नाव आहे, आणि लात्रेय यांचा तारणहार असा त्याचा उल्लेख आहे. तो भुंगेरा ज्या कुलात बसतो ते क्लेरिडी कुल. त्याच्या नावापुढे लिहिलेले असते लात्रेय, 1802.