बाटली परत आणा म्हणणारी अनिता

अनिता हे नाव ऐकलं की शेजारची नाहीतर माहेरची एखादी मैत्रीण आठवते. पण आजची आपली अनिता आहे इंग्लंडची, अनिता रॉडिक. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये ‘द बॉडी शॉप’ नावाचं साबण-क्रीमचं दुकान तुमच्यापैकी काही जणींनी पाहिलं असेल. ते या बाईनं सुरू केलं. हल्ली कॉलेजच्या मुली म्हणतात, आम्हाला पर्यावरण सांभाळणाऱ्या मालाच्या मार्केटिंगमध्ये करिअर करायचंय. आता त्याचे अभ्यासक्रमही निघालेत. अनितानं दुकान टाकलं तेव्हा यातलं काही नव्हतं. होत्या फक्त दोन लहान मुली, दूर जाणारा नवरा आणि घर चालवण्याची काळजी!

अनिताचा जन्म २३ ऑक्टोबर १९४२ चा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिटलहॅम्प्टन या छोट्या गावातला. आईवडील इटलीहून आलेले. त्यांचा एक कॅफे होता. अनिता दहा वर्षांची असताना वडील वारले आणि सगळा भार आईवर आला. चार भावंडं, शाळा सुटली की कॅफेत कपबशा विसळायला, गिऱ्हाइकाला वाढायला हजर. त्यात तो महायुद्धाचा आणि त्यानंतरच्या टंचाईचा काळ. आई, गिल्डा, काही म्हणून टाकायची नाही. बाटली रिकामी झाली की धुऊन पुन्हा भर, वस्तू मोडली की दुरुस्त कर. पुढे जगानं अनिताला पर्यावरणवादी म्हटलं, पण त्याचं मूळ आईच्या या काटकसरीत होतं, हे तिनं कधी लपवलं नाही. आपल्या आज्या तरी काय वेगळं करत होत्या? तेलाला किटली आणि सामानाला पिशवी घेऊनच वाण्याकडे जायच्या ना!

अनिता शिकली शिक्षिका व्हायला. पण पाय घरात ठरेना. पॅरिसला नोकरी केली, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलं आणि साठलेल्या पैशातून जग पाहायला निघाली. ताहिती, मादागास्कर, मॉरिशस... जिथं जाईल तिथं तिची नजर बायकांकडे. त्या केस कशानं धुतात, अंगाला काय चोळतात? ताहितीत बायका कोकोच्या बियांचं लोणी अंगाला लावायच्या आणि त्यांची कातडी मऊसूत असायची. आपल्याकडे डाळीचं पीठ, शिकेकाई, खोबरेल तेल असतं तसंच ते. ना रंगीत खोका, ना जाहिरात! हे सगळं तिनं मनात साठवून ठेवलं.

परत आल्यावर आईनंच तिची गाठ गॉर्डन रॉडिकशी घालून दिली. १९७० मध्ये लग्न झालं. जस्टिन आणि सॅम अशा दोन मुली झाल्या. दोघांनी छोटं हॉटेल चालवलं, मग रेस्टॉरंट. रात्रंदिवस राबून दोघंही थकली. अशात गॉर्डननं ठरवलं, दक्षिण अमेरिकेतून घोड्यावरून न्यूयॉर्कपर्यंत जायचं. त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न! अनितानं त्याला अडवलं नाही. पण मागे संसार चालायला हवा. तेव्हा तिनं विचार केला, छोटं दुकान काढू, म्हणजे ठरावीक वेळी बंद करून मुलींकडे बघता येईल.

ती बँकेत गेली. अंगात जीन्स आणि टी शर्ट, सोबत पोरी. साहेबानं वाटेला लावलं. मग काही दिवसांनी नवऱ्याला बरोबर घेऊन, दोघंही व्यवस्थित कपड्यांत, हातात धंद्याचे कागद घेऊन गेली. त्याच कल्पनेला आता चार हजार पौंडांचं कर्ज मिळालं! बचत गटाच्या कर्जासाठी बँकेची पायरी चढलेल्या बायकांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

२६ मार्च १९७६ ला ब्रायटन शहरात दुकान उघडलं. भिंतींना ओल होती, डाग दिसायचे. ते झाकायला तिनं सगळीकडे गडद हिरवा रंग फासला. तोच पुढे तिच्या दुकानांची ओळख झाला. हिरवा म्हणजे पर्यावरण, हे लोकांनी नंतर जोडलं! माल होता जेमतेम पंचवीस प्रकारचा. बाटल्या घेतल्या त्या सर्वांत स्वस्त, दवाखान्यात लघवी तपासायला देतात तसल्या. त्याही पुरेशा नव्हत्या. म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं, रिकामी बाटली परत आणा, आम्ही भरून देऊ. चिठ्ठ्या हातानं लिहिलेल्या, त्यावर आत काय काय आहे आणि ते कुठून आलंय याची माहिती. अडचणीतून काढलेला हा मार्ग लोकांना आवडला.

जाहिरातीला पैसा नव्हता. दुकानाजवळ अंत्यविधीची व्यवस्था करणारी दोन दुकानं होती. शेजारी ‘बॉडी शॉप’ अशी पाटी बघून त्यांनी हरकत घेतली. अनितानं काय करावं? स्थानिक पेपरला फोन करून ही हकिगत कळवली! छापून आलं आणि गंमत म्हणून बायका दुकान बघायला आल्या. ती सकाळी फुटपाथवर स्ट्रॉबेरीचं अत्तर शिंपडायची, म्हणजे वास घेत घेत माणसं दारापर्यंत येतील. मार्केटिंग म्हणतात ते हेच, नाही का?

काही महिन्यांतच दुसरं दुकान काढायचं ठरलं. बँक कर्ज देईना. तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी चार हजार पौंड दिले आणि बदल्यात निम्मा धंदा त्यांच्या नावावर झाला. पुढे कंपनी विकली गेली तेव्हा त्यांना दहा कोटी पौंडांहून जास्त मिळाले. गरजेच्या वेळी भागीदारी लिहून देताना दहादा विचार करावा, हा धडा आपणही घ्यायला हरकत नाही.

गॉर्डन परत आला, हिशेब आणि कायद्याची बाजू त्यानं सांभाळली. ज्यांना असं दुकान काढायचं त्यांना नाव आणि माल द्यायचा, अशी पद्धत सुरू झाली. दुकानं वाढत गेली आणि १९८४ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. तरीही अनितानं टीव्हीवर गोऱ्या नटीची जाहिरात दिली नाही. तिनं जाहिरातीची जागा केली दुकानाच्या काचेची. १९८६ मध्ये ग्रीनपीस संस्थेबरोबर देवमासे वाचवण्याची मोहीम काढली. तेव्हा प्रसाधनांत देवमाशापासूनचं तेल वापरलं जाई. त्याच्या जागी होहोबा या झुडपाच्या बियांचं तेल चालतं, हे तिनं माल विकून दाखवलं. १९८९ मध्ये ब्राझीलची जंगलं जाळण्याविरुद्ध दुकानांतून सुमारे दहा लाख सह्या गोळा झाल्या. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करू नका, या मागणीवर १९९६ पर्यंत चाळीस लाख सह्या झाल्या. ब्रिटननं १९९८ मध्ये असे प्रयोग थांबवले. अर्थात, यामागे अनेक संस्थांची मेहनत होती. आपल्या देशातही २०१४ मध्ये ही बंदी आली.

आणि क्रीम विकणारी ही बाई चारचौघांत सांगायची की कुठल्याही क्रीमनं सुरकुत्या जात नाहीत, कातडी मऊ राहते एवढंच! १९९८ मध्ये तिनं रुबी नावाची गुबगुबीत बाहुली पोस्टरवर आणली. सगळ्या बायका नट्यांसारख्या शिडशिडीत नसतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे तिला सांगायचं होतं. बार्बी बाहुली बनवणाऱ्या कंपनीला ते फार झोंबलं.

कच्चा माल घ्यायचा तो शक्यतो गरीब गावांतल्या लोकांकडून थेट, रास्त भावानं, ही तिची आणखी एक कल्पना. दान नको, धंदा द्या, असं तिचं म्हणणं. घानामधल्या बायकांच्या गटांकडून शिया झाडाच्या बियांचं लोणी येऊ लागलं. आपल्या तामिळनाडूत मदुराईजवळ तिरुमंगलम इथल्या ‘टेडी एक्सपोर्ट्स’मध्ये तयार झालेले पायाला मालिश करायचे लाकडी रोलर साता समुद्रापार गेले. त्या कामातून तिथं शाळा आणि दवाखान्याची सोय झाली.

मात्र मैत्रिणींनो, अनिताची कहाणी नुसती आरतीची नाही. जी दुसऱ्यांना खरं बोला म्हणते, तिच्याकडे लोक भिंग घेऊन बघतात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात मोठा लेख आला. नैसर्गिक म्हणवणाऱ्या मालात खनिज तेलापासूनचे आणि इतर कृत्रिम पदार्थ आहेत, गरीब गावांकडून घेतलेल्या मालाचा वाटा अगदीच थोडा आहे, असे आरोप त्यात होते. दुकानाच्या नावाचंही प्रकरण निघालं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये दोघींनी १९७० मध्येच ‘बॉडी शॉप’ काढलं होतं. तिथंही बाटल्या भरून मिळायच्या. १९८७ मध्ये रॉडिक दांपत्यानं पस्तीस लाख डॉलर मोजून अमेरिकेत त्या नावाचे हक्क घेतले होते. कंपनीच्या शेअरचा भाव घसरला. अनितानं आरोप फेटाळले, पण तोंडी खुलाशावर भागणार नव्हतं. १९९६ मध्ये कंपनीनं कामगार, पुरवठादार, पर्यावरण आणि प्राणी यांच्याबाबत आपण काय करतो याचा जाडजूड अहवाल बाहेरच्या तपासनीसांकडून तपासून घेऊन जाहीर केला. त्या काळी असं करणाऱ्या कंपन्या फारच थोड्या होत्या.

दुसरा वाद झाला २००६ मध्ये. रॉडिक दांपत्यानं आणि इतर भागधारकांनी कंपनी लॉरिआल या बलाढ्य फ्रेंच कंपनीला ६५ कोटी २० लाख पौंडांना विकली. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून ज्या कंपनीवर टीका व्हायची, तिलाच? जुनी गिऱ्हाइकं चिडली, काहींनी बहिष्कार घातला. आत शिरून मोठ्यांना बदलता येईल, असं अनिताचं म्हणणं होतं. ते खरं झालं का? २०१७ मध्ये लॉरिआलनं कंपनी ब्राझीलच्या नातुराला विकली, तिथून ती २०२३ च्या अखेरीला आणखी एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, कितीतरी दुकानं बंद पडली आणि त्याच वर्षी पुन्हा नवे मालक आले. पाटी तीच राहिली, तरी ती लावणारी बाई गेल्यावर तिची तळमळ विकत मिळत नाही.

अनिता हे सगळं पाहायला नव्हती. धाकट्या मुलीच्या वेळी, १९७१ मध्ये, तिला रक्त द्यावं लागलं होतं. त्यातून हेपॅटायटिस सी झाला आणि कळलं ते थेट २००४ मध्ये! यकृत खराब झालेलं. फेब्रुवारी २००७ मध्ये तिनं हे जाहीर केलं आणि या आजाराविषयी लोकांना जागं करायला लागली. १० सप्टेंबर २००७ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. वय ६४. संपत्ती मुलींना न ठेवता समाजकार्याला द्यायची, हे तिनं आधीच ठरवलं होतं. (जाता जाता सांगते, पूर्वी बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर एकदा ही तपासणी करून घ्या. आता यावर गोळ्या आहेत, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत मिळतात.)

आपल्या बचत गटांच्या बायका पापड, मसाले, उटणी, साबण करतात. प्रदर्शनात स्टॉल लागतो, पाटीवर शुद्ध, नैसर्गिक, पर्यावरणपूरक असं झोकात लिहिलेलं असतं. अनिताकडून घ्यायचं ते इथंच. चिठ्ठीवर आत काय आहे ते पूर्ण लिहा. सुगंध बाजारातला असेल तर तसं लिहा. माल कुठल्या गावचा, कुणी केला, तिला किती मिळतात, हे गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगता यायला हवं. रिकामी बरणी परत आणणारीला दोन रुपये कमी लावा. प्लास्टिकचा कचरा कमी होईल आणि ती बाई पुन्हा तुमच्याच स्टॉलवर येईल. ज्या मुलींना यात करिअर करायचंय, त्यांनीही नोकरी धरताना कंपनीला हेच प्रश्न विचारावेत. उद्या कुणी भिंग घेऊन आलं, तर दाखवायला हिशेबाची वही तयार हवी.